केसपेपरवर भीतीलाही जागा द्या

१९७६ साली मी नऊ वर्षांची होते. उजवीकडची खालची दाढ किडली होती आणि गालावर लिंबाएवढी सूज आली होती. वडिलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, थोडा वेळ थांबले आणि चिमटा लावला. दाढ बधिर झालीच नव्हती. मी किंचाळले. "काही दुखत नाही, उगाच नाटकं करते," असं म्हणत त्यांनी कंपाउंडरला माझं डोकं धरायला सांगितलं. हात वडिलांनी धरले. दाढ निघाली, स्टीलच्या वाटीत टण्णकन पडली. त्या खोलीत लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिला होता. लग्नानंतर सासरी मसाला कुटताना लवंग माझ्या वाटणीला आली की मी ती जावेकडे सरकवायची. कारण कधी कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून २०२२ पर्यंत, म्हणजे ४६ वर्षं, मी दाताच्या डॉक्टरांची पायरी चढले नाही.

ही वर्षं माणूस कशी काढतो ते सांगते, कारण माझ्यासारखी माणसं घरोघरी आहेत आणि ती बोलत नाहीत. आधी उजवीकडून चावणं सोडलं. मग भाकरी आमटीत कुस्करून खायची सवय लावून घेतली. शेंगदाणे, चिक्की, ऊस हे पदार्थ एकेक करून ताटातून गेले. ऊस तर आमच्या दारात पिकतो. ठणका लागला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तुरटी आणि मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. दोन दात हलून हलून आपोआप पडले. फोटो काढताना ओठ मिटायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली ते चौथीची मुलं शिकवली. शाळेत दंततपासणीचं पथक यायचं त्या दिवशी मुलांना रांगेत उभं करायचं काम मी दुसऱ्या बाईंना द्यायची. मुलांना "घाबरू नका" म्हणण्याचा हक्क मला नाही, असं वाटायचं.

शेवटी मधुमेहानं मला ढकललं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा गोळ्या वाढवूनही खाली येईना. आमच्या फिजिशियनांनी तोंड उघडायला सांगितलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, "बाई, हिरड्यांत एवढा पू ठेवून साखर कशी आटोक्यात येणार?" साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतला संसर्ग राहिला की साखर हटत नाही, हे त्यांनी समजावलं. मुलीनं कोल्हापुरातल्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. मी दोनदा रद्द केली. तिसऱ्यांदा मुलगी स्वतः घ्यायला आली.

त्या डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवलंच नाही. बाहेरच्या साध्या खुर्चीत माझ्यासमोर बसून त्यांनी एक कागद दिला. त्यावर मराठीत पाच प्रश्न होते. उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, तर आज कसं वाटेल? बाहेर बसून नंबरची वाट पाहताना? दातावर मशीन चालणार असेल तेव्हा? दात साफ करायचे असतील तेव्हा? आणि वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत सुई द्यायची असेल तेव्हा? प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण कमीत कमी ५, जास्तीत जास्त २५. १९ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे भीती तीव्र, तिच्यावरही उपचार हवेत. माझे २३ आले. त्यांनी तो आकडा केसपेपरवर, रक्तदाब आणि साखरेच्या खाली, लाल पेनानं लिहिला.

मला त्या क्षणी रडू आलं. माझी भीती पहिल्यांदाच कुणीतरी आजाराच्या रांगेत बसवली होती.

मग मी १९७६ ची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली आणि एक गोष्ट सांगितली, जी मला नवव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवी होती. जिथे पू आणि सूज असते तिथला भाग आम्लधर्मी होतो. बधिर करणारं औषध तशा जागी नसेच्या आत नीट शिरू शकत नाही. म्हणून सुई देऊनही दाढ बधिर होत नाही. अशा वेळी आधी पू काढून संसर्ग उतरवायचा, किंवा सुई दुसरीकडे, नसेच्या मुळाशी द्यायची, आणि तरीही दुखत असेल तर थांबायचं. "काकू, तुम्हाला खरंच दुखत होतं," त्या म्हणाल्या. मी नाटकं करत नव्हते, हे कळायला मला पंचावन्न वर्षांची व्हावं लागलं.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक दवाखान्यानं केसपेपरवर भीतीसाठी एक ओळ छापावी. या पाच प्रश्नांचा कागद १९९५ पासून जगभर वापरात आहे. त्याच्याआधीचा चार प्रश्नांचा तक्ता नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्येच तयार केला होता. भरायला दोन मिनिटं लागतात, खर्च एका झेरॉक्सचा. अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी २०२१ मध्ये झाली, तेव्हा साधारण १५ टक्के प्रौढांना दातांच्या उपचारांची भीती असल्याचं आढळलं. म्हणजे शंभर माणसांच्या लग्नाच्या पंगतीत पंधरा जणांना. आपल्याकडे त्यांना काय ऐकावं लागतं? "एवढं मोठं माणूस आणि घाबरता?" "इतकी वर्षं झोपला होता का?" ही दोन वाक्यं ऐकलेला माणूस पुन्हा दहा वर्षं येत नाही. आणि घरात आपण काय करतो? "गप्प बस, नाहीतर डॉक्टरांकडे नेऊन सुई द्यायला लावीन." पोरगं पाच वर्षांचं असतानाच आपण त्याच्या मनात खुर्चीचा राक्षस उभा करतो. शिक्षिका म्हणून सांगते, हे वाक्य मी पालकांच्या तोंडून शाळेच्या फाटकात शेकडो वेळा ऐकलं आहे.

दुसरी मागणी अशी की भीतीवर कोणकोणते उपाय आहेत ते रुग्णाला आपण होऊन सांगावेत. मला ४६ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या बोलण्यात सगळ्याला "भूल" हा एकच शब्द आहे, आणि त्यामुळेच घोटाळा होतो. दाढेजवळ सुई देतात ते जागा बधिर करणं. त्यात माणूस पूर्ण जागा असतो आणि भीतीवर त्याचा काही परिणाम होत नाही. पूर्ण भूल म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली गाढ झोप. या दोन्हींच्या मधे एक मोठा प्रदेश आहे, ज्याला डॉक्टर सेडेशन म्हणतात. माणूस जागा असतो, हाक मारली की ओ देतो, "तोंड उघडा" म्हटलं की उघडतो, पण छातीतली धडधड उतरलेली असते. हे नाकातून वायू देऊन करता येतं, गोळीनं किंवा शिरेतल्या इंजेक्शननंही. दाढ मात्र तेव्हाही बधिर करावीच लागते. गुंगीनं वेदना थांबत नाही, वेदनेची धास्ती थांबते.

माझ्यासाठी डॉक्टरबाईंनी वायू निवडला. नायट्रस ऑक्साइड, ज्याला लोक लाफिंग गॅस म्हणतात. पण लगेच दिला नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही शाकाहारी आहात का? आणि साखरेची मेटफॉर्मिन किती वर्षं घेताय?" शाकाहारी, आणि अकरा वर्षं. त्यांनी बी-१२ ची रक्ततपासणी करायला लावली. हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो, आणि शाकाहार व मेटफॉर्मिन या दोन्हींनी ते मुळातच कमी असू शकतं. ज्याचं आधीच कमी आहे त्याच्या नसांना त्रास होण्याचा धोका असतो. माझं कमीच निघालं. काही आठवडे बी-१२ ची इंजेक्शनं घेतली. मग नेमकी सर्दी झाली. वायू नाकातून घ्यायचा, नाक चोंदलं असेल तर उपयोग नाही, म्हणून आणखी आठ दिवस पुढे. ही सगळी दिरंगाई मला पळून जायला पुरेशी होती. पण दर आठवड्याला त्यांच्या दवाखान्यातून फोन यायचा, "काकू, कशा आहात?" आपल्या महाराष्ट्रात शाकाहारी आणि मधुमेही माणसं किती आहेत ते पाहता हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला गेला पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

त्या दिवशी नाकावर मऊ रबरी टोपी बसवली. आधी नुसता ऑक्सिजन दिला. मग वायूचं प्रमाण दहा टक्के, थोड्या वेळानं वीस, मग तीस. मशीनची रचनाच अशी असते की ऑक्सिजन एका ठरावीक मर्यादेच्या खाली जाऊच शकत नाही. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो, इथे त्याहून जास्तच. तीन-चार मिनिटांत बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, पायांत ऊब आली. थंडीत शेकोटीजवळ बसल्यावर येते तशी. डॉक्टरबाईंचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता, पण शब्द न् शब्द कळत होता. हिरडीवर आधी जेल लावलं होतं. सुई कधी दिली ते मला कळलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. ४६ वर्षं जिच्यापासून पळत होते ती सुई येऊन गेली होती. डाव्या हाताचं बोट उचललं की सगळं थांबेल, असं आधीच ठरलं होतं. मी ते एकदा मुद्दाम उचलून पाहिलं. दातावरचं मशीन त्या क्षणी बंद झालं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मोठं औषध तेच होतं.

शेवटी पाच मिनिटं पुन्हा शुद्ध ऑक्सिजन. पंधरा मिनिटांनी मी स्वतःच्या पायांनी जिना उतरले.

नंतर मी या वायूबद्दल वाचलं तेव्हा फार आश्चर्य वाटलं. भूलशास्त्राचा जन्मच मुळात दाढेपासून झाला आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात १० डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य लाफिंग गॅसचा जाहीर खेळ बघायला गेला. गॅस घेतलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली, रक्त आलं, आणि त्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सनं तो वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढे बॉस्टनमध्ये दाखवलेला त्याचा प्रयोग फसला, रुग्ण ओरडला, बघ्यांनी त्याची टर उडवली. त्याच्याच ओळखीचा दंतवैद्य विल्यम मॉर्टन यानं १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथर वापरून शस्त्रक्रियेतली भूल जगाला दाखवली. ज्या विद्येनं पोट उघडताना आणि हृदय शिवताना माणसाला वेदनेतून सोडवलं, ती दातांच्या दवाखान्यातून निघाली. आणि आज, पावणेदोनशे वर्षांनंतर, त्याच दवाखान्यात आपण माणसाचं डोकं धरून दाढ काढायची?

वायू सगळ्यांना चालत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो टाळतात, आणि ज्याला नाकानं श्वास घेता येत नाही त्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या थोरल्या भावाची अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती. त्याच्यासाठी भूलतज्ज्ञ बोलावले, शिरेतून मिडॅझोलॅम दिलं. बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि औषध जास्त झालंच तर त्याचा असर उलटवणारं फ्लुमॅझेनिल हाताशी. तो सगळा वेळ डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. पण घरी आल्यावर विचारलं तर त्याला काहीच आठवत नव्हतं. या औषधाचा तो गुणधर्मच आहे. म्हणूनच सोबत माणूस पाहिजे, चोवीस तास गाडी चालवायची नाही, व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही. भाऊ संध्याकाळीच मोटरसायकल काढायला निघाला होता. वहिनीनं किल्ली लपवली, बरं केलं.

माझ्या वर्गात एक स्वमग्न मुलगा होता. तोंडाला हात लावू देत नसे. त्याचे सात-आठ दात किडले होते आणि दुखणं सांगता न आल्यानं तो स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायचा. त्याच्या आई-बापांनी त्याला पुण्यातल्या एका रुग्णालयात नेलं. रात्रीपासून उपाशी ठेवून, पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळे दात भरले, काढायचे ते काढले. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला तेव्हा बुक्क्या थांबल्या होत्या. अशा मुलांसाठी पूर्ण भूल चैन नाही, तोच एक रस्ता आहे. पण ती रुग्णालयातच द्यायची. ब्रिटनमध्ये दाताच्या खुर्चीवर पूर्ण भूल देताना मृत्यू झाले, तेव्हा त्यांनी २००१ च्या अखेरीस रुग्णालयाबाहेर ती देणंच बंद केलं. सोयीपेक्षा जीव मोठा मानला.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे. घरातल्या कुणाची झोपेची किंवा टेन्शनची गोळी खाऊन दाताच्या डॉक्टरांकडे जाऊ नका. हे आपल्याकडे सर्रास चालतं. आजोबांची अल्प्राझोलम अर्धी करून सुनेला देतात. वय, वजन, घोरण्याचा आजार, दम्याची औषधं, आदल्या रात्रीची दारू यांतल्या प्रत्येक गोष्टीनं त्या अर्ध्या गोळीचा परिणाम बदलतो, आणि श्वास मंदावला तर बघायला कुणी नसतं. आणि खाल्लीच असेल तर खुर्चीवर बसण्याआधी डॉक्टरांना सांगा. लाज वाटली तरी सांगा.

यावर लहान गावांतले दंतवैद्य मला म्हणतात, "बाई, हे मशीन लाखांत जातं. महिन्यातून चार पेशंट. भूलतज्ज्ञ बोलवायचा तर त्याची फी वेगळी. दोनशे-तीनशे रुपयांत दाढ काढून मागणाऱ्या माणसाला हे कसं परवडणार?" त्यांचं म्हणणं खरं आहे. आरोग्य विमाही दातांच्या रोजच्या उपचारांना बहुतेक वेळा हात लावत नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या दंतवैद्यावर टाकून चालणार नाही. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, भूलतज्ज्ञ असतो, ऑक्सिजन असतो. तिथे आठवड्यातून एक दिवस भित्र्या रुग्णांसाठी आणि विशेष मुलांसाठी राखून ठेवावा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांतून दरवर्षी तरुण डॉक्टर बाहेर पडतात. त्यांतल्या प्रत्येकानं सेडेशनच्या मशीनला हात लावलेला असावा आणि घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं याची परीक्षा दिलेली असावी. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात हिरड्या तपासाव्यात, मला अकरा वर्षं उशीर झाला.

आणि मशीन नसलं तरी पुष्कळ काही करता येतं. पाच प्रश्न विचारता येतात. सुई हळू देता येते. औषध मिनिटाला एक मिलिलिटरपेक्षा वेगानं ढकललं नाही तर हिरडीत ताण कमी येतो. बोट उचललं की थांबता येतं. पहिल्या दिवशी काहीही न करता रुग्णाला नुसतं घरी पाठवता येतं. लंडनच्या गाइज रुग्णालयात दातांच्या उपचारांना घाबरणाऱ्या १३० रुग्णांना मानसोपचारातली संवादपद्धत वापरून मदत केली. त्यांतल्या ७९ टक्के लोकांनी पुढे गुंगीशिवाय उपचार घेतले, आणि हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. सेडेशन हा माझ्या मते पूल आहे. काहींना तो कायम लागेल, त्यात कमीपणा नाही. मला दोन बैठकांना तो पूर्ण लागला. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी वीस टक्क्यांवरच थांबायचं का विचारलं, मी हो म्हटलं. चौथ्या वेळी टोपी टेबलावरच राहिली. त्या दिवशी बोट तीन वेळा उचललं, तिन्ही वेळा त्या थांबल्या.

माझी थोरली बहीण आता चौसष्ट वर्षांची आहे. त्याच घरातली, त्याच डॉक्टरांकडे नेलेली. तिचा वरचा सुळा गेले सहा महिने हलतोय आणि ती फक्त पेजेवर आहे. गेल्या रविवारी मी तिच्यासमोर तो पाच प्रश्नांचा कागद ठेवला. चष्मा लावून तिनं सावकाश भरला, मग बेरीज करून माझ्याकडे सरकवला. बावीस. "तुझ्यापेक्षा एक कमी," ती म्हणाली. पुढच्या मंगळवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे. तिनं विचारलं, खुर्चीवर असताना तू माझा हात धरशील का. मी म्हटलं, धरीन, पण डावा मोकळा ठेव, बोट उचलायला.